कोंबावरची रेघ

कुंडी हलली नाही. आधी हातांनी ढकलली, मग खांदा लावला, शेवटी खाली बसून पाठ भिंतीला टेकवली आणि दोन्ही तळपायांनी रेटली, तरी ती जागची हलली नाही. वर झावळ्या तेवढ्या सळसळल्या आणि बुडाजवळचा एक काटा माझ्या पोटरीवर बारीक लाल ओरखडा काढून गेला. मी बसल्या जागी तशीच राहिले. पन्नाशी ओलांडलेली बाई, सिंगापूरच्या आंग मो किओतल्या तळमजल्याच्या फ्लॅटपुढं, सकाळच्या उन्हात, गाऊन गुडघ्यापर्यंत वर आलेला, एका झाडाशी लाथाळी करतेय. येणारेजाणारे बघत असणार, पण इथं कुणी थांबून बघत नाही, ही या शहराची एक सोय आहे. कुंडीच्या वजनाला मी भीत नव्हते. आधी दर दिवाळीच्या साफसफाईला मी ती एकटीच सरकवायची, कुरकुरत का होईना ती सरकायची. मग आठवलं, गेली काही वर्षं आपण ती सरकवलेलीच नाही, भोवतीनंच झाडतोय. गाल फरशीला टेकवला आणि फोनचा उजेड बुडाखाली टाकला. पाणी जायच्या भोकातून अंगठ्याएवढं जाड, तांबूस मूळ बाहेर आलं होतं, आणि दोन फरश्यांमधलं सिमेंट जिथं निघालंय तिथून सरळ खाली गेलं होतं. एक फरशी कोपऱ्यातून उचलली गेली होती. म्हणजे हे झाड कुंडीत नव्हतंच. केव्हापासून नव्हतं कोण जाणे. मी वरून पाणी घालत होते, खत घालत होते, ‘अगं बाई, जरा वाढ की’ म्हणत होते, आणि ते माझ्या नकळत खाली वेगळा संसार थाटून बसलं होतं. मला आनंद झाला का? झाला असावा, पण क्षणभरच. कारण शनिवारी ते न्यायला माणसं येणार होती.

ते घर आम्हाला महिनाअखेरीला सोडायचं होतं. घर मिस्टर गोहचं, आम्ही भाडेकरू. पद्माकर, म्हणजे माझा नवरा, जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लँटमध्ये प्रोसेस इंजिनिअर. होता. हे ‘होता’ अजून माझ्या जिभेवर नीट बसलेलं नाही. आम्ही आलो तेव्हा आमचा तन्मय पाच वर्षांचा होता. आता तो मेलबर्नला शिकतोय आणि त्याला दाढी आहे. यंदा कंपनीनं पद्माकरचा करार वाढवला नाही. करार नाही म्हणून इथं राहायचा पास नाही, पास नाही म्हणून आम्ही नाही. फार सरळ असतं ते, कुणी आवाजसुद्धा चढवत नाही. सामान वाटून झालं होतं. फ्रीज एका नव्या जोडप्यानं नेला, मिक्सर माझ्या मैत्रिणीनं, नीतानं, पुस्तकं वाचनालयानं. त्यातलं काहीही जाताना मला काही झालं नाही. उरला होता तो कुंडीतला खजूर. मी लावलेलं एक काहीतरी या मातीत जगायला हवं होतं, एवढी एकच माझी मागणी होती, आणि ती मी कुणाकडे केली नव्हती. मिस्टर गोह येऊन सांगून गेले होते, “ऑल क्लिअर हां, मॅडम. ट्री ऑल्सो.” मग चौथ्या मजल्यावरच्या रोहानानं तोड काढली. तिच्या भावाचं बैठं घर आहे, पुढं खरीखुरी माती आहे. तिचा मुलगा हाफिज शनिवारी मामाची लॉरी घेऊन येईल आणि कुंडीसकट झाड उचलून नेईल. सगळं ठरलं होतं. आणि आता हे मूळ.

पद्माकरला सांगितलं असतं तर त्यानं पाच मिनिटांत ते कापलं असतं. अडकलेल्या गोष्टी सोडवणं त्याला आवडतं. म्हणून मी सांगितलं नाही. आत गेले, हात धुतले, चहा टाकला. तो सोफ्यावर मोजे घालून बसला होता. कुठं जायचं नव्हतं, पण गेटपास परत केल्यापासूनही तो रोज त्याच वेळेला उठतो, मोजे घालतो आणि मग बुटांशी येऊन थांबतो. म्हणाला, “काय गं, कसला आवाज येत होता?” म्हटलं, “झाडत होते.” म्हणाला, “आता कशाला झाडतेस? दोन आठवड्यांनी दुसरं कुणीतरी झाडेल.” पद्माकर चुकीचं असं कधी बोलत नाही. त्याचं बोलणं नेहमी बरोबरच असतं, त्याचाच तर त्रास आहे.

ते बी रोहानाचं. त्या वर्षी तिच्या रमजानातच माझी आषाढी एकादशी आली होती. संध्याकाळच्या आधी ती दारात डबा घेऊन उभी राहिली, “सन्जी, टेक, टेक. मदिना डेट्स.” संजीवनी हे नाव तिला कधी जमलं नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही. मी म्हटलं, आज माझा उपास आहे. तिनं बिचारीनं डबा लगेच मागे घेतला. मी म्हटलं, अगं नाही, आमच्यात उपासाला खजूर चालतो. मग आणखी काय काय चालतं, तिनं विचारलं. मी सांगत गेले: साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वरईचे तांदूळ, रताळं, शेंगदाणे, केळी, दूध, दही. पहाटेपासून पाण्याचा थेंबही न घेतलेली ती बाई डोळे विस्फारून ऐकत होती. शेवटी म्हणाली, “सन्जी, धिस नॉट फास्टिंग. धिस मेनू, लाह.” आम्ही दोघी दाराच्या चौकटीला धरून हसलो. तिनं ओठांवर हात ठेवला होता, कोरडे ओठ फुटतील म्हणून. त्या रात्री पद्माकर आणि तन्मय यांनी डबा संपवला, आणि मी बिया वाटीत काढून ठेवल्या. का ठेवल्या? उगाच. दिवसभर फ्लॅटमध्ये असलेल्या बायकांना टाकून देण्याआधी वस्तूकडे बघण्याची सवय लागते. मी बी.ए. आहे, मराठी घेऊन. इथं माझ्या पासवर मी ‘डिपेंडंट’ होते, म्हणजे कुणाच्या तरी आधारानं उभी असलेली. वाचनालयात जाऊन पाम झाडांवरचं एक जाडं पुस्तक आणलं आणि शब्द अडेल तिथं पेन्सिलीनं लिहीत ते वाचून काढलं. बिया घासून धुवायच्या, भिजवायच्या, पाणी रोज बदलायचं, मग ओल्या टिश्यूपेपरात गुंडाळून झिपच्या पिशवीत घालून गरम जागी ठेवायच्या. आमच्या घरात गरम जागा म्हणजे फ्रीजचं डोकं. पद्माकर रोज विचारायचा, “वर काय कुजवतेयस?” बी एका बाजूला चिरलेलं असतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच्या पाठीवर मधोमध एक ठिपका असतो, तो कुणी बघत नाही. तिथूनच एके दिवशी पांढरा दात बाहेर आला. मला वाटलं मूळ. पुस्तक म्हणत होतं, हे मूळ नव्हे, ही वाट. खजूर आधी बीपासून लांब, खाली खोल जातो, आणि तिथं गेल्यावर मग ठरवतो की आता वर यायचं. त्यामुळे बी एकीकडे राहतं आणि झाड भलतीकडेच उगवतं. हे वाचून मी पुस्तक मिटलं होतं, हे मला स्पष्ट आठवतं. बाहेर तन्मय आणि हाफिज फुटबॉल खेळत होते आणि बॉल भिंतीवर आपटत होता, धप, धप.

पहिलं पान आलं ते एकच, उभं, गवताच्या पात्यासारखं. पद्माकर वाकून बघून म्हणाला, “संजू, हे गवत आहे.” वर्षभर तो तसंच म्हणत राहिला. पाच बियांपैकी दोन कुजल्या, एकीला मुंग्यांनी धरलं, एक नुसतीच थांबली. ही एक जगली. दह्याच्या डब्यातून आइसक्रीमच्या डब्यात, तिथून बादलीत, बादलीतून या कुंडीत. तिसऱ्या वर्षी पान फाटून पिसासारखं झालं तेव्हा मी रोहानाला हाक मारून दाखवलं. शनिवारी आमच्याकडे चारदोन मराठी घरं जमायची, तेव्हा पद्माकर पाहुण्यांना पुढं नेऊन दाखवायचा, “हा बघा आमच्या हिचा ओअॅसिस.” त्यांच्यातला दिलीप न चुकता विचारायचा, “वहिनी, उंट कधी आणताय?” आणि न चुकता सगळे हसायचे, मीसुद्धा. त्याला खजूर लागतील का, असं बायका विचारत. मी सांगायची, अहो, हवा फार ओली आहे इथली; त्यातून हे झाड नर की मादी तेही कळलेलं नाही. मग नीता म्हणायची, “मग ठेवायचं कशाला?” याचं उत्तर मी कधी दिलं नाही. ते मला माहीत नव्हतं असं नाही, पण दिलीपसमोर देण्यासारखं नव्हतं.

मला ते जमिनीत लावायचं होतं. फरशीच्या पट्टीपलीकडे, कुंपणाच्या झुडपांआधी हातभर रुंद माती होती, आणि मिस्टर गोह त्या काळात आमच्यावर खूश होते, हो म्हणाले असते. मी पद्माकरला म्हटलं, खड्डा करून दे. तो म्हणाला, “कशाला? दोन वर्षांचा पास. उद्या निघायचं झालं तर कुंडीत असलेलं बरं.” हे त्याचं आमच्या सगळ्या संसाराविषयीचं म्हणणं होतं. लाकडी कपाट नको, दोन वर्षांसाठी कशाला. पडदे मापाचे शिवायला नको, आहेत ते चालवू. जेवायला घडीचं टेबल, बसायला एकात एक रचता येणाऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या. पास वाढून आला की पेढे आणायचा आणि पुन्हा दोन वर्षं मोजायला लागायचा. मी त्या खुर्च्यांवर बसून केस पांढरे केले. आता वाटतं, आपण एका वेटिंग रूममध्ये मूल वाढवलं आणि त्याला घर म्हणायला शिकवलं.

मूल मात्र शिकलं. तन्मयला हे घरच वाटत होतं. त्याच्या आणि हाफिजच्या गळ्यात एकाच शाळेचा टाय असायचा, दोघं एकसारखे शब्दांच्या शेपट्या तोडून आणि वाक्याला इथलं ‘लाह’ जोडून बोलायचे. मराठीत विचारलं की तो इंग्रजीत उत्तर द्यायचा, आणि इंग्रजीसुद्धा रोहानाकडचं. त्याच सुमाराला पीआरचं निघालं. पीआर म्हणजे कायमचं राहायला मिळणं. कंपनीतल्या साहेबानं आपणहून पद्माकरला म्हटलं होतं, अर्ज कर, मिळून जाईल. शनिवारी चर्चा झाली. मी पुऱ्या तळत होते आणि ऐकत होते. दिलीपनं कधीच अर्ज केला होता, त्याला मिळालाही होता. “पण आमचं वेगळं आहे पद्या,” तो म्हणाला, “आम्हाला दोन मुली. आम्ही सुटलो. तुझा मुलगा आहे. मुलगा पीआर झाला की अठराव्या वर्षी दोन वर्षं सैन्यात. सक्ती. डोकं भादरून, बंदूक घेऊन चिखलात लोळणार, आणि तेवढ्यात पुण्यातली पोरं इंजिनिअर होऊन पुढं जाणार.” दुसरा कुणी म्हणाला, “आणि कुणासाठी? आपला देश तरी आहे का?” मग सगळे मान हलवत राहिले. सगळे शिकलेले, सगळे हिशेबी, सगळ्यांना दोन वर्षं म्हणजे किती ते नेमकं माहीत. मी झारा हातात घेऊन दारात आले आणि म्हटलं, “तन्मयला विचारा की.” एकच हशा झाला. “वहिनी, अहो बारा वर्षांचा आहे तो! त्याला काय, तो म्हणेल टँक चालवतो!” पद्माकर हसला नाही, पण म्हणाला, “संजू, पुरी करपतेय.” करपत होतीच. अर्ज झाला नाही. तन्मय तेव्हा आतल्या खोलीत होता, आणि दार उघडं होतं.

त्याच्या अठराव्या वर्षी पद्माकरनं त्याला पुण्याला इंजिनिअरिंगला घातलं. तिथं पोरं त्याला ‘सिंगापूर’ म्हणून हाक मारायची. रिक्षावाल्याशी बोलताना त्याचं मराठी फुटायचं, हिंदी तर त्याहून. मी फोनवर विचारायची, जेवलास का, तो म्हणायचा, “एट आलरेडी.” हाफिजची भरती त्याच पावसाळ्यात झाली. इथं भरतीच्या दिवशी आईबापांना बरोबर जाऊ देतात: बोटीनं टेकाँग बेटावर, तिथं मुलांची शपथ, मग सगळ्यांनी मिळून कॅन्टीनचं जेवण, आणि आईबाप परत. रोहानाचा नवरा आजारी होता. ती म्हणाली, “सन्जी, यू कम. आय अलोन, आय क्राय.” मी गेले. बोटीत सगळ्या आयांच्या मांडीवर पोरांच्या बॅगा होत्या आणि पोरं लाजून लांब उभी होती. मोठ्या हॉलमध्ये त्यांनी हात वर करून शपथ घेतली. आवाज एकत्र आला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, आणि मला स्वतःचा रागही आला. तुझं कोण आहे इथं? रोहाना रडत होती, मी तिच्या पाठीवर हात फिरवत होते. बाजूच्या चिनी बाईनं मला विचारलं, “युवर सन विच वन?” मी हाफिजकडे बोट दाखवलं. एवढ्या गर्दीत कोण बघतंय. ट्रेमध्ये भात, कोंबडी आणि संत्र्याची फोड होती. हाफिजनं माझ्या ट्रेमधली फोड उचलून खाल्ली, तन्मय खायचा तशी. परतताना बोटीवर तन्मयचा फोन आला, पुण्याच्या हॉस्टेलवरून. त्याला कावीळ झाली होती हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच म्हणाला, “ही शेव्ड हिज हेड? सेंड फोटो.” मी पाठवला. त्यानं तो बघितला, एवढं कळलं. खूप दिवसांनी, इथं सुट्टीला आला तेव्हा, हो, विमानतळावर टुरिस्टच्या रांगेत उभा राहून आला होता, तेव्हा हाफिज आणि बाकीचे मित्र जमले होते आणि आपापल्या कॅम्पच्या गोष्टी सांगत होते. कोण कुठं पडला, कुणी कुणाचं सामान वाहिलं, सार्जंट काय ओरडायचा. सगळे हसून लोळत होते. तन्मयही हसत होता, जरा उशिरा, दुसऱ्यांचं बघून. ते गेल्यावर त्यानं बशा आत आणून ठेवल्या आणि नळ सोडून माझ्याकडे पाठ करून म्हणाला, “आय वुड हॅव सर्व्ह्ड, आई. नोबडी आस्क्ड.” पद्माकर बाहेर बातम्या बघत होता. त्यानं आवाज वाढवला नाही, कमीही केला नाही. ऐकू गेलं की नाही, मला अजून माहीत नाही.

आणि हे मूळ कसं सुटलं, तेही त्या गुरुवारी गाल फरशीला लावून पडले असताना माझ्या ध्यानात आलं. कुंडीखाली ताटली असायची. मध्ये एकदा डेंग्यू वाढला आणि डासांची तपासणी करणारी माणसं आली, टॉर्च मारत फिरली आणि सभ्यपणानं सांगून गेली की ताटलीत पाणी साचतं, काढा. मी त्याच दिवशी काढली. आम्ही फार आज्ञाधारक, पासवरची माणसं. त्या आज्ञाधारकपणातूनच झाडाला जमीन मिळाली. पद्माकरनं खड्डा दिला नाही, मी मागून मागून थांबले, आणि याला कुणाला विचारायची गरजच नव्हती. शुक्रवारी दिवसभर मी पट्ट्या चिकटवून खोकी बंद करत होते आणि मनात म्हणत होते, शनिवार येऊच नये. कापलं नाही तर मिस्टर गोहचा माणूस येऊन बुंध्यापासून कापेल. कापलं तर कदाचित मरेल, कदाचित जगेल. पुस्तक म्हणत होतं, खजुराला शेंडा एकच असतो. तो गेला की सगळं गेलं. मुळाचं तसं नसतं, कधी कधी नवी फुटतात. ‘कधी कधी’ हा शब्द मी अकरा वर्षांपूर्वी पेन्सिलीनं अधोरेखित केला होता, दुसऱ्याच कशासाठी तरी.

हाफिज दोन मित्रांना घेऊन आला. खांदे असे रुंद, की त्यांना आत बोलवावं तर प्लास्टिकच्या खुर्च्यांची काळजी. “ऑन्टी, स्टँड वन साइड, लेटर थॉर्न पोक यू,” म्हणत त्यांनी हातमोजे घातले. एक, दोन, तीन करून कुंडी उचलली. नाही. पुन्हा. नाही. पद्माकर आतून आला, “अरे, पकड चुकतेय तुमची,” म्हणत खाली बसला आणि चष्मा कपाळावर चढवून त्यानं फटीत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तसाच वाकलेला, माझ्याकडे मान वळवून म्हणाला, “तुला माहीत होतं?”

“हो.”

“केव्हापासून?”

“गुरुवारपासून.”

“मग बोलली नाहीस ते?”

हाफिज आणि त्याचे मित्र हातमोजे घालून उभे होते, मराठी कळत नसलं तरी आवाज कळतो. पद्माकरनं मुळावर बोट फिरवलं, जिथं ते फरशीत जात होतं तिथपर्यंत. मग उठला, गुडघ्यावरची माती झाडली आणि अगदी साधेपणानं म्हणाला, “एवढं होतं तर तेव्हाच मातीत लावायचंस ना.”

मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याला टोचायचं नव्हतं, ते मला दिसत होतं. त्याला खरोखरच आठवत नव्हतं. खड्डा, कपाट, पडदे, पुरी, उघडं दार, यातलं काहीच त्याच्या बाजूला उरलं नव्हतं. मी एकटीच ते सगळं इतकी वर्षं उचलून चालत होते आणि समजत होते की दुसऱ्या टोकाला तो आहे. भांडायला तरी दुसऱ्या माणसाला आठवावं लागतं. मी म्हटलं, “करवत आण.”

आणली. तो फरशीवर आडवा झाला, मी उजेड धरला. करवत चालायला लागली तेव्हा ओल्या दोरखंडासारखा आवाज यायला लागला, खरर, खरर, आणि कच्च्या नारळासारखा वास. मध्येच तो थांबला. मला वाटलं, पातं अडकलं. “दमलो,” म्हणाला, आणि पुन्हा कापायला लागला. सुटल्यावर झाड एकदम एका बाजूला कललं आणि तिघा पोरांनी ते धरलं. पद्माकर उठून बसला, घामानं निथळत, आणि पोरासारखा हसून म्हणाला, “बघ, सुटलं. खजूर चिवट असतो गं, कुठंही धरतो. तूच म्हणायचीस.” मी असं कधीच म्हटलेलं नाही. मी मार्कर घेऊन झाडाजवळ गेले. मधला कोंब उभा असतो, मिटलेला, सुईसारखा. त्याच्यावर आणि शेजारच्या पानाच्या देठावर मिळून मी एक आडवी काळी रेघ मारली आणि पद्माकर हात धुवायला आत गेल्यावर हाफिजला समजावून सांगितलं: झाड जिवंत असेल तर कोंब वर सरकेल, आणि रेघेचे दोन तुकडे होतील, एक वर, एक खाली. तसं झालं तर मला फोटो पाठव. रेघ अखंड राहिली तर पाठवू नकोस. “ओके ऑन्टी,” तो म्हणाला, आणि लॉरीत झाडाशेजारी बसून, हातानं त्याचा बुंधा कवेत घेऊन गेला.

नंतरचे दिवस पद्माकर रोज विचारायचा. खोकी जाताना, मिस्टर गोहना किल्ल्या देताना, दिलीपकडच्या शेवटच्या जेवणाला. “हाफिजचं काही कळलं?” दिलीपकडे तर त्यानं सगळ्यांना गोष्टच सांगितली: “आमच्या हिचा खजूर, मूळ फरशीतून खाली गेलेलं! कापलं आणि नेऊन लावलं. बघा तुम्ही, जगणार तो. मूळ तुटलं म्हणून काय झालं, पुन्हा धरतं. आपलं तरी काय, पुण्याला जाऊन धरूच की!” नीतानं टाळ्या वाजवल्या. दिलीप म्हणाला, “अगदी बरोबर, पद्या.” मी आमटी वाढून घेतली. त्याला ते झाड जगायला हवं होतं, मला दिसत होतं. माझ्याइतकंच, कदाचित जास्त. ते जगलं की सगळंच बरोबर ठरणार होतं: कुंडी, दोन दोन वर्षं, बोट, कावीळ, टुरिस्टची रांग. ती गोष्ट तो पुण्यात प्रत्येक पाहुण्याला सांगणार होता, मी चहाचा ट्रे घेऊन उभी असताना.

चांगी विमानतळावर गेटपाशी बसलो होतो. तो कॉफी आणायला गेला होता. फोन वाजला. हाफिजचा फोटो होता: ताजी काळी माती, बांबूचे टेकू, खालच्या दोन झावळ्या वाळून पिवळ्या, आणि मधोमध कोंब. मी बोटांनी मोठा करून बघितला. रेघेचे दोन तुकडे झाले होते. कोंबावरचा तुकडा चांगला दोन बोटं वर गेला होता. खाली लिहिलं होतं, “ऑन्टी, तन्मय ऑल्सो आय सेंड. ही सो हॅपी, लाह.” मी तो पुन्हा बघितला. मग मी फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

पद्माकर दोन्ही हातांत कप घेऊन, जपून पावलं टाकत आला. “फोन वाजला का? हाफिज?”

“हो.”

“काय म्हणतोय? धरलं?”

मी त्याच्याकडे बघितलं. नाकावर चष्म्याचा वण, मोजे नीट वर ओढलेले, शर्टाच्या खिशाशी, जिथं अठरा वर्षं पास लटकायचा, तिथं कापड जरा फिकट.

“नाही,” मी म्हटलं. “गेलं.”

तो उभाच राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट उतरत गेली, आणि मला तो शब्द अजूनही परत घेता आला असता. मग तो माझ्या शेजारी बसला, दोन्ही कप सांभाळत, समोरच्या काचेतून विमानाकडे बघत राहिला, आणि थोड्या वेळानं त्यातला एक माझ्या हातात देत म्हणाला, “गरम आहे. जपून.”